राज्य मागणाऱ्या हौसाबाई

हौसाबाईंना रस्त्यात रिकामा डबा दिसला की त्या त्याला लाथ मारतात.

डबा कुठलाही चालतो. रंगाचा, दूध पावडरीचा, शनिवार-रविवारी येणाऱ्या फार्महाऊसवाल्यांनी गाडीतून फेकलेला कोल्ड्रिंकचा. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर नऊवारी, डोक्यावर गवताचा भारा, पुढे शेरडं. तरी डबा दिसला की हौसाबाई थांबतात. एका हाताने भारा सावरतात, डब्याकडे नीट बघतात आणि मारतात. डबा खणखणत लांब गेला की शांतपणे पुढे चालू लागतात. एकदा कोळवणच्या एस.टी. थांब्यावर एका माणसाने दुधाची किटली खाली ठेवली होती. ती रिकामी नव्हती. त्या माणसाने बराच आरडाओरडा केला. हौसाबाईंचं म्हणणं एवढंच होतं, "रस्ता काय किटल्या ठिवायची जागा हाय का?"

ईशान आणि तन्वी, नाताळच्या सुट्टीत तुम्ही अमेरिकेहून इथे आलात तेव्हा याच हौसाबाईंबरोबर खेळलात. परत गेल्यावर ईशान अजूनही मला फोनवर म्हणतो, "आजी, हौसाआजी नाइस आहेत, पण त्यांना गेम येत नाही. त्या आम्हाला शोधायलाच आल्या नाहीत." मी तेव्हा तुम्हाला सांगितलं की त्यांचे गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं. तुम्ही लपला होतात, त्यामुळे तुम्हाला काही दिसलं नाही. मला दिसलं. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांनी हौसाबाईंना पाहिलेलं नाही त्यांनाही कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. तुम्हाला नीट वाचता येईपर्यंत आईने वाचून दाखवावं, आणि वाचताना मधे स्वतःचं काही घालू नये.

माझ्या घराच्या तारेच्या कुंपणापलीकडे हौसाबाईंचं दोन खोल्यांचं घर आहे, आणि घराला लागून शेरडं कोंडायचा वाडगा. धाकटा मुलगा लवळ्याच्या एका कॉलेजात वॉचमन आहे, थोरला हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो. दोघं दिवाळीला येतात. नातवंडंही येतात आणि आल्या आल्या विचारतात, "आज्जे, चार्जिंगला कुटं लावू?"

हौसाबाईंचा स्वभाव एका शब्दात सांगायचा तर, त्या जळतात. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. त्या स्वतःच सांगतात, आणि तोंडावर सांगतात. मी इथे राहायला आले त्या आठवड्यात दोरीवर माझा पांढरा टर्किश टॉवेल वाळत होता. कुंपणापलीकडून मला उद्देशून आलेलं पहिलं वाक्य असं होतं: "बाई, तुमच्या ह्या फडक्यावर लई जळतंय माजं."

यावर काय उत्तर द्यायचं असतं ते मला कोणत्याही शाळेत शिकवलेलं नव्हतं. मी "थँक यू" म्हटलं.

आम्हा शिकलेल्या लोकांत मत्सराला कौतुक म्हणायची पद्धत आहे. मैत्रिणीच्या सुनेने मोठा फ्लॅट घेतला की आम्ही "अय्या, किती छान!" म्हणतो, घरी येतो आणि मग आमचं डोकं दुखतं. हौसाबाईंचं डोकं कधी दुखत नाही. त्या छातीवर दोन बोटं ठेवतात, "हितं जळतंय" म्हणतात आणि मोकळ्या होतात. मग चहा मागतात.

त्यांना जळायला विषय लागत नाही. वरच्या आळीच्या पारूबाईला दवाखान्यात गुडघ्याचा पट्टा मिळाला आणि यांना नुसत्या गोळ्या, तर आठवडाभर त्या पारूबाईच्या पट्ट्यावर जळल्या. गावातल्या एका म्हाताऱ्याच्या तेराव्याला जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "माणूस कायबी कामाचा न्हवता, बाई. पन गर्दी! जळलं माजं." एकदा तर त्या स्वतःच्या शेळीवर जळल्या. शेळीला तीन करडं झाली होती आणि तिन्ही एकदम तिच्या मागे लागली होती. हौसाबाई कुंपणाला टेकून बराच वेळ बघत राहिल्या. "हिच्यामागं बगा कशी तिनीबी. माजी दोनच, त्यातलं येक फोन उचलत न्हाई."

फोनचा विषय निघाला, म्हणून तुमच्या फोनकडे येते.

दर शनिवारी सकाळी तुमचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तुमची शुक्रवारची रात्र असते. मी त्याची तयारी करून बसते. एक चित्रांचं पुस्तक, एक छोटी गोष्ट, पाच नवे मराठी शब्द. रेंज फक्त व्हरांड्याच्या बाजूला येते आणि व्हरांडा कुंपणाकडे तोंड करून आहे, ही बांधणाऱ्याची चूक. एका शनिवारी मी "क" पासून सुरू होणारे प्राणी सांगत होते. इतक्यात माझ्या खांद्यावरून तन्वीला काहीतरी दिसलं आणि ती किंचाळली, "आजी! गोट! रिअल गोट!"

शेळीमागोमाग हौसाबाई आल्या. "कुनाशी बोलतायसा?"

"नातवंडं आहेत. अमेरिकेत असतात."

"हितंच दिसत्यात की." त्यांनी फोनमध्ये तोंड घातलं. "काय गं पोरी, काय खेळता तुमी तिकडं?"

मी इतके महिने तुम्हाला हा प्रश्न विचारला नव्हता. मी "अभ्यास कसा चाललाय?" असं विचारत होते. तुम्ही दोघं एकदम बोलू लागलात. सगळीकडे मक्याची शेतं, मधे तुमचं छोटंसं गाव. घरांना कुंपणं नाहीत. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड. सगळ्या गल्लीतली मुलं बाहेर, आणि आई पोर्चमधून हाक मारेपर्यंत कोणी घरात जात नाही.

"कुंपनं न्हाईत?" हौसाबाई म्हणाल्या. "मंग शेरडं?"

"शेरडं नाहीत," मी सांगितलं.

"न्हाईतच? मंग पोरं दिसभर करत्यात काय?"

"खेळतात."

"दिसभर?"

"सुट्टीत दिवसभर."

दोन बोटं छातीवर गेली. "बाई, हितं बगा. भडका उडालाय."

मग ईशानने त्याचा आवडता खेळ सांगितला. "आम्ही एक कॅन ठेवतो. कोणीतरी किक मारतो. मग सगळे लपतात आणि जो इट असतो तो शोधतो."

हौसाबाईंनी कुंपणाची तार धरली. "ह्यो तर डबा ऐसपैस! आमचा डबा हाय ह्यो! बाई, आमचा डबा अमेरिकेला कुनी न्हेला?"

मी म्हटलं, हौसाबाई, डबे सगळीकडे असतात आणि पायही सगळ्यांना असतात. त्यांना ते पटलं नाही. हिंजवडीच्या एखाद्या इंजिनेराने बॅगेत घालून नेला असणार, असं त्यांचं आजही मत आहे.

"आनि राज्य कुनावर येतं तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खेळात ज्याच्यावर राज्य येतं तो एकटा पडतो. बाकीचे सगळे लपतात, त्याने त्यांना हुडकत फिरायचं. नावाला राज्य, पण ते कोणालाच नको असतं. तन्वीने तोंड पाडलं. "माझ्यावर. ऑल्वेज. मी लहान आहे ना, म्हणून सगळे मलाच देतात."

"लई नशिबाची हायेस पोरी," हौसाबाई म्हणाल्या.

तन्वीला वाटलं, थट्टा करताहेत. मलाही तसंच वाटलं.

त्या शनिवारपासून माझ्या तयारीचं काही चाललं नाही. "हाय आजी. हौसाआजी कुठे आहेत?" एवढं बोलून तुम्ही मला कुंपणाकडे पाठवायचात. मी हात लांब करून फोन धरायची आणि तुम्ही तिघं शेरडांची नावं, डब्याचे नियम, कोण किती वेळ लपून राहिलं हे बोलत बसायचात. माझ्या वाट्याला एक "हाय" आणि एक "बाय" आली. मधला सगळा वेळ कुंपणापलीकडे गेला. शेवटी मी पुण्याहून फोनचा स्टँड आणवला आणि तो कुंपणाच्या खांबाला बांधला. त्याने फक्त माझा हात मोकळा झाला.

हौसाबाईंच्या भाषेत सांगायचं तर माझं जळत होतं. पण ते तसं सांगायची मला सवय नाही. मी म्हटलं, "हौसाबाई, तुमची शेरडं माझा मोगरा खातात."

"खात्यात की," त्या म्हणाल्या. "चांगला असंल."

तुम्ही येणार हे ठरल्यावर मी कार्यक्रम आखला. किल्ला, संग्रहालय, धरण, नातेवाइकांकडची जेवणं, आणि रोज सकाळी एक तास मराठी वाचन. हौसाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "ह्यात डबा कुटं हाय?"

"डबा नाही."

"मंग पोरं येत्यात कशाला?"

तुम्ही आलात. पहिले दोन दिवस दुपारी झोपलात आणि रात्री जागलात. तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघं कुंपणाच्या तारेखालून पलीकडे गेलात आणि संध्याकाळी वाडग्याचा वास घेऊन परत आलात. मी कार्यक्रम सोडला नाही. रोज सकाळी गाडी यायची आणि रोज सकाळी हौसाबाई कुंपणाशी उभ्या असायच्या.

"आज हाय का डबा?"

"आज किल्ला आहे."

दुसऱ्या दिवशी, "आज?"

"आज संग्रहालय."

"तितं काय असतंय?"

"जुनी भांडी, जुनी हत्यारं."

"जुनी भांडी माज्याकडं बी हायेत." एवढं बोलून त्या शेरडं घेऊन निघून जायच्या.

तुमचे जायचे दिवस जवळ आले तशा त्या गप्प झाल्या. जळणंही बंद झालं. मी मुद्दाम तो टर्किश टॉवेल त्यांच्या बाजूला वाळत घातला, तरी काही बोलल्या नाहीत. मग एका सकाळी तुम्ही गाडीत बसलेले असताना त्या फाटकातून आत आल्या. त्या कधी फाटकातून येत नाहीत. त्यांचं सगळं बोलणं कुंपणावरून चालतं.

"बाई, येक डाव खेळू द्या," त्या म्हणाल्या. "येकदा माज्यावर राज्य येऊ द्या. मंग न्या पोरं कुटंबी."

मला आठवलं की माझ्या टॉवेलपासून फ्रिजपर्यंत सगळ्यावर हौसाबाई जळल्या होत्या, पण यापूर्वी त्यांनी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. चहा सोडून. मी दुसऱ्या दिवशीचं नातेवाइकांकडचं जेवण रद्द केलं. त्या नातेवाइकांनी अजून मला फोन केलेला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. भात कापून झालं होतं, घरापुढची खाचरं कोरडी पडली होती. एका बाजूला पेंढ्याची गंजी, मधे बांधावर आंब्याचं झाड. हौसाबाईंनी शेरडं भरदुपारी वाडग्यात घातली. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. शेरडांनीही पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण ती सारखी ओरडत होती. दिवाळीला मिळालेली हिरवी साडी नेसून त्या आल्या. हातात तेलाचा रिकामा डबा होता, राखेने घासून लख्ख केलेला. तुम्ही दोघं होतात आणि वस्तीवरची आणखी तीन मुलं.

ईशान लगेच पुढारी झाला. "आधी सुटायचं. सगळ्यांनी हात टाका." ज्याचा हात वेगळा पडेल तो सुटला, शेवटी उरेल त्याच्यावर राज्य, हा नियम इथे आणि तुमच्याकडे जवळपास सारखाच निघाला. सगळ्यांनी हात पुढे केले. हौसाबाईंनी हात मागे घेतला.

"मला न्हाई सुटायचं."

"पण सगळ्यांना सुटायचंच असतं!" ईशान म्हणाला.

"मला न्हाई. राज्य माजं."

वस्तीवरची मुलगी म्हणाली, "आज्जे, असं नस्तंय. राज्य कुनी मागून घेतं का?"

"का? तुमच्यात कुनाला पायजे हाय?"

कोणालाच नको होतं.

"मंग? पडून ऱ्हायलंय ते मी घेतीया. तुजं काय जातंय?"

मग पहिली लाथ कोणी मारायची यावर वाद झाला. ज्याच्यावर राज्य त्याने लाथ मारायची नसते, डबा आणायला जायचं असतं. हौसाबाईंना दोन्ही हवं होतं. वयाच्या जोरावर त्यांनी ते मिळवलं. डबा बांध ओलांडून पलीकडच्या खाचरात गेला आणि तो आणायलाही त्याच गेल्या. परत येऊन त्यांनी डबा रिंगणात ठेवला, पदराने पुसला आणि आंब्याकडे वळल्या.

"हौसाआजी, डोळे बंद आणि शंभरपर्यंत मोजायचं!" ईशान ओरडला.

"म्हायती हाय. जा, पळा."

तुम्ही पळालात. इथून पुढचं तुम्हाला माहीत नाही.

मी व्हरांड्यात चहा घेऊन बसले होते. मला सगळे दिसत होते. ईशान पेंढ्याच्या गंजीमागे, एक लाल बूट बाहेर. तन्वी शेरडांच्या वाडग्यात. बाकीचे बांधाआड पालथे. हौसाबाईंनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि हाताच्या घडीत तोंड लपवलं.

त्या मोजेनात. मला वाटलं, मनातल्या मनात मोजत असतील. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग आवाज आला. हौसाबाई हुंदके देत होत्या. आधी बारीक, मग चांगला हेल काढून. शेरडांच्या ओरडण्यात तुम्हाला ते ऐकू आलं नसेल.

मी चहा तिथेच टाकला आणि निघाले. झाडापाशी पोहोचल्यावर लक्षात आलं की माझ्या एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात तुमच्या आजोबांची, जी मी अजून दाराशी ठेवते.

"हौसाबाई! छातीत दुखतंय का? डॉक्टरला बोलावू?"

हाताच्या घडीतून एक डोळा बाहेर आला. अगदी कोरडा. "श्श! काय झालं?"

"तुम्ही रडताय."

"मंग? राज्य हाय न्हवं माज्यावर?"

"राज्य आलं म्हणून कोणी रडतं का?"

"बाई, तुमाला म्हायती न्हाई," त्या लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाल्या. "राज्य आलं की झाडापशी जाऊन रडायचं असतंय. जा तुमी. पोरं बगत असतील."

"कोणी सांगितलं तुम्हाला असं?"

"सांगाय कशाला पायजे? मी बगितलंय."

आणि मग तोंड झाडाकडेच ठेवून, हळू आवाजात त्यांनी मला ते सांगितलं.

त्यांचं माहेर वरच्या पठारावर, धनगरवस्तीत. हातात काठी धरता यायला लागली तेव्हापासून त्या शेरडांमागे. खाली गाव. भात कापून झालं की गावातली पोरं खाचरात खेळायची आणि ही पोर वर कड्यावर बसून बघायची. "वरनं समदं दिसायचं, बाई. आयकू काय यायचं न्हाई. डब्याचा तेवढा आवाज वर यायचा. डबा वाजला की मी शेरडं टाकून कड्याला."

तिथून तिला जे दिसायचं ते असं. एक पोर डब्याला लाथ मारतं. सगळी पळून जातात. एक जण मागे राहतं. त्याला कोणीच नेत नाही. मग ते झाडाकडे तोंड करतं, हातात डोकं घालतं आणि रडतं. "येकटं टाकून गेल्यावर रडनारच की. ल्हान पोरगं ते." बाकीची आडोशाला जाऊन बसतात. "लाज वाटत आसंल. त्याला टाकून आल्याची."

"आणि मग?" मी विचारलं.

"मंग लई येळानं येक जन मागनं हळूच यायचा. आवाज न करता, चवड्यांवर. आनि त्येच्या पाठीवर हात ठिवायचा. मंग दुसरा यायचा. त्यो बी हात ठिवायचा. मंग समदी गोळा व्हायची, आनि ते रडनारं पोर बी हसायचं." त्यांनी नाक ओढलं. या वेळी ते नाटक नव्हतं. "लई जळायची मी त्येच्यावर. वाटायचं, आपल्यावर बी यावं राज्य."

"कधी खाली गेला नाहीत खेळायला?"

"शेरडं कोन बगनार? लगीन होऊन खाली आले तवर कडेवर पोर हुतं." मग थोडं हसून म्हणाल्या, "येकदा वरच रडून बगितलं. करवंदीच्या जाळीत तोंड घालून. शेळी आली. तिनं परकर खाल्ला."

चुकीचं वाक्य कानावर पडलं की ते दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. मी आयुष्यभर तेवढंच केलं, आणि त्याचा पगार घेतला. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. हौसाबाई, तो मुलगा रडत नव्हता, आकडे मोजत होता. तो पाठीवरचा हात म्हणजे धप्पा. धप्पा बसला की राज्य घेणारा हरतो, त्याच्यावर पुन्हा राज्य येतं. ते समजूत काढायला येत नव्हते, हरवायला येत होते.

त्या क्षणी गंजीमागचा लाल बूट हलला. खाचरात पाच मुलं दम धरून बसली होती आणि पाचही जणांचं लक्ष या एका हिरव्या साडीच्या पाठीवर होतं. त्यात माझीही दोन होती. मला बोलायची फार इच्छा झाली. ती सगळी केवळ शुद्ध माहितीपोटी झाली असं मी म्हणणार नाही.

"आता जा बाई," हौसाबाई म्हणाल्या. "तुमी हितं उभ्या ऱ्हायल्यावर कोन येनार न्हाई."

मी जाऊन थोड्या अंतरावर बांधावर बसले आणि तोंड बंद ठेवलं.

पुढचा वेळ फार वाईट गेला. तुम्ही लपून वाट बघत होतात की हौसाआजी शोधायला येतील. हौसाबाई झाडापाशी वाट बघत होत्या की तुम्ही याल. दोन्ही बाजू अगदी नियमाप्रमाणे वागत होत्या, फक्त नियम वेगवेगळे होते. हौसाबाईंनी रडणं थांबवलं. नुसत्या उभ्या राहिल्या. मधे एकदा त्यांनी मागे हात नेऊन पाठीवरचा पदर ओढून सारखा केला, पाहुणे यायच्या आधी आपण चादर सारखी करतो तसा.

मला भीती वाटायला लागली. ईशानला लपायला फार आवडतं. तो संध्याकाळपर्यंत हलणार नाही. वस्तीवरची मुलं कंटाळून घरी गेली तर? मी गंजीकडे बघून खुणा केल्या. बुटाला त्या दिसल्या नाहीत.

शेवटी तन्वी, तू बाहेर आलीस. शेळी तुझ्या स्वेटरची बाही खायला लागली म्हणून आलीस, हे तू मला नंतर सांगितलंस. पण आल्यावर तुला समोर ती पाठ दिसली आणि तू चवड्यांवर चालायला लागलीस. केसांत गवत होतं. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून तू झाडापर्यंत गेलीस आणि दोन्ही हातांनी दिलास.

"धप्पा!"

अशा वेळी राज्य घेणारा चिडून मागे वळतो. हौसाबाई वळल्या नाहीत. त्यांनी डोकं आणखी खाली घातलं आणि पाठ थोडी पुढे केली. मग गंजीमागून ईशान धावत आला, "धप्पा!" मग बांधाआडून वस्तीवरची तिघं. पाच जणांचे हात पडले. तुम्ही उड्या मारत ओरडत होतात, "परत राज्य! परत राज्य! हौसाआजी लूज!"

"व्हय रं व्हय," त्या झाडाच्या बुंध्याला म्हणाल्या. "परत माज्यावरच."

डावांमागून डाव झाले. उन्हं उतरेपर्यंत हौसाबाईंनी कोणालाही शोधलं नाही. नंतर तर तुम्ही नीट लपतही नव्हतात, नुसते झाडामागे जाऊन परत येत होतात. ईशान चिडला. "आजी, इट्स नॉट फेअर, त्या ट्रायच करत नाहीत!" मी त्याला म्हटलं, "त्यांचे गुडघे दुखतात. खेळ."

शेवटच्या डावात तुम्ही सगळ्यांनी धप्पे देऊन झाल्यावर पुढच्या डावात लाथ कोणी मारायची यावरून भांडण काढलंत आणि भांडत भांडत पलीकडच्या खाचरात निघून गेलात. इकडे कोणी नव्हतं. हौसाबाई अजून तशाच उभ्या होत्या, हाताच्या घडीत तोंड घालून. सगळे देऊन गेले हे त्यांना कळलं होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही.

मी उठले. साडीला लागलेलं गवत झटकलं. मला कोणाला हात लावायची सवय नाही. आम्ही लांबून नमस्कार करणारी माणसं. तुम्ही विमानतळावर मला मिठी मारलीत तेव्हाही माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळलं नव्हतं. मी आवाज न करता जायचा प्रयत्न केला, पण दोन वेगळ्या चपला वेगवेगळ्या वाजत होत्या. झाडाशी जाऊन मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हडकुळी होती आणि पाच पोरांचे हात खाऊन गरम झाली होती. मी धप्पा म्हटलं नाही.

"ह्यो पोराचा हात न्हाई," हौसाबाई न वळता म्हणाल्या.

"नाही."

"गार हाय."

"थंडी पडायला लागली आहे," मी म्हटलं आणि हात उचलायला लागले.

"काढू नगा," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या वाईच."